वकिलांचें फुरसतीचें वाचन आणि जुने निवाडे

वकिलांनीं व कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं फावल्या वेळीं काय वाचावें, हा प्रश्न इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर सरळ आहे. ज्या जुन्या कागदांसाठीं आम्ही गांवोगांव हिंडतों त्यांतील पुष्कळसे कागद मुळांत तंट्याचे कागद आहेत. वतनाचा तंटा पडला म्हणून महजर झाला. महजर हातीं आला म्हणून तो पेटींत जपून ठेविला गेला. आणि इंग्रजी अमदानींत तोच तंटा पुन्हां उभा राहिला तेव्हां पेटी वकिलाच्या घरीं गेली. तेथें कागद टिकला तरी वकिलामुळें टिकला, आणि हरवला तरी वकिलाच्याच माळ्यावर हरवला. तेव्हां वकील रिकाम्या वेळीं काय वाचतो, हा आमच्या दृष्टीनें कागदाच्या जीविताचा प्रश्न आहे.

या विषयाचा पद्धतशीर विचार केल्याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या कायदेशाळेचे प्रमुख जॉन हेन्री विग्मोर यांनीं वकिलांनीं वाचाव्या अशा कादंबऱ्यांची एक यादी १९०८ सालीं छापली, आणि १९२२ सालीं ती सुधारून शंभर कादंबऱ्यांची म्हणून पुन्हां प्रसिद्ध केली. पुराव्याच्या कायद्यावर ज्यांच्या ग्रंथाचा आधार न्यायालयांतून घेतला जात असे, त्या गृहस्थानें कादंबऱ्यांची यादी करण्यांत वेळ घालवावा याचें कित्येकांस नवल वाटलें असेल. त्यांनीं कादंबऱ्यांचे चार वर्ग पाडले. खटल्याचा व उलटतपासणीचा प्रसंग ज्यांत रंगविला आहे त्या पहिल्या; वकील व न्यायाधीश यांचे स्वभाव आणि धंद्याची रीत दाखविणाऱ्या दुसऱ्या; गुन्ह्याचा तपास व शिक्षा यांची पद्धति सांगणाऱ्या तिसऱ्या; आणि कायद्याच्या एखाद्या मुद्द्यावर ज्यांचें कथानक टेकलेलें आहे त्या चौथ्या. स्कॉट व डिकन्स यांच्यावांचून अशी यादी होणें शक्यच नव्हतें. स्कॉट हा स्वतः एडिंबरोचा वकील, आणि डिकन्स लहान वयांत अटर्नीच्या कचेरींत कारकुनी करून आलेला.

या यादीची आठवण सर्व काढतात. विग्मोर यांच्या दुसऱ्या वाचनाची फारशी कोणी काढीत नाहीं. १८८९ ते १८९२ पर्यंत ते टोकियोच्या केइओ विद्यापीठांत कायदा शिकवीत होते. त्या मुक्कामांत तोकुगावा अमदानींतील निवाडे, करारमदार व गांवच्या रूढी यांचीं साधनें त्यांच्या दृष्टीस पडलीं, आणि तीं इंग्रजींत उतरवून छापण्याचें काम त्यांनीं १८९२ पासून हातीं घेतलें. म्हणजे कादंबऱ्यांची यादी करणारा हा मनुष्य आधीं जुन्या निवाड्यांचा वाचक होता. आमच्या मतें त्याच्या यादींत जी दृष्टि आहे तिचें मूळ तेथें शोधावें. खटला हा माणसांच्या वर्तनाचा लेख आहे, ही गोष्ट ज्याला एकदां जुन्या कागदांत दिसली त्याला ती कादंबरींतहि दिसते.

विग्मोर यांचे चार वर्ग आपल्याकडील वाङ्मयास लावून पाहिले तर चारहि खण कांहीं रिकामे राहत नाहींत. पहिल्या वर्गांत शूद्रकाच्या मृच्छकटिकाचा नववा अंक घालावा. त्या अंकाचें नांवच ‘व्यवहार’ असें आहे. अधिकरणिक, श्रेष्ठी व कायस्थ असे तिघे बसले आहेत, शकार फिर्यादी होऊन आला आहे, आणि चारुदत्ताविरुद्ध एकहि प्रत्यक्ष साक्षीदार नसतां केवळ परिस्थितीचा पुरावा एकेक पाऊल त्याच्याभोंवतीं आवळत जातो. शेवटीं मैत्रेयाच्या काखेंतून वसंतसेनेचे दागिने भर सभेंत गळून पडतात आणि निर्दोष माणसाचा घात होतो. न्यायाधीश दोष ठरवितो, शिक्षेचा निर्णय मात्र राजाकडे जातो, आणि राजा न्यायाधीशाची शिफारस धुडकावून वधाची आज्ञा करितो. धर्मशास्त्राच्या ग्रंथांतील व्यवहारप्रकरण वाचून जें कोरडें वाटतें तें येथें हालतेंबोलतें दिसतें. देवलांच्या मराठी नाटकावरून ज्यांना ही कथा ठाऊक आहे त्यांनीं हा अंक तरी मुळांतून वाचावा.

मराठी कादंबऱ्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीं झालेला. हें पुस्तक चौथ्या वर्गांत बसतें. मोरोबा कान्होबा यांचें १८६३ चें ‘घाशीराम कोतवाल’ कोणी तिसऱ्या वर्गांत घालूं म्हणेल, पण त्यांत १७९१ सालच्या त्या भयंकर प्रकरणाचा इतिहास शोधूं गेल्यास निराशा होईल. तो गोष्टींचा व माहितीचा संग्रह आहे. कादंबऱ्यांबद्दल याहून अधिक लिहिण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं, कारण दुसऱ्या व चौथ्या वर्गांतला खरा माल आपल्या दप्तरांत पडलेला आहे, आणि तो कोणी कल्पनेनें रचलेला नाहीं.

महजर वाचावयाचा कसा, हें विद्यार्थ्याला एकदां दाखविलें पाहिजे. आरंभीं तारीख असते, आणि बहुधा एकाहून अधिक गणनांनीं दिलेली असते: शुहूर सन, कधीं हिजरी चंद्र, कधीं शक व संवत्सर, शिवकालानंतर पुष्कळदां राज्याभिषेक शक. त्याखालीं हाजिर मजालस. म्हणजे त्या दिवशीं सभेंत कोण कोण बसले होते त्यांचीं नांवें, हुद्द्याच्या व मानाच्या क्रमानें. सरकारी अंमलदार आधीं, मग देशमुख-देशपांडे, शेटे-महाजन, आसपासच्या गांवांचे पाटील-कुलकर्णी, आणि पुढें बलुत्यांपर्यंत. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांच्या नांवापुढें निशाणी. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, ज्याच्या त्याच्या वृत्तीचें हत्यार. नवशिका विद्यार्थी ही यादी ओलांडून पुढें जातो. वकिलानें मात्र येथेंच थांबावें, कारण न्याय देणारे कोण होते, त्यांपैकीं कोणाचें कोणाशीं सोयरें होतें, आणि ज्याचें हजर असणें अगत्याचें तो गैरहजर कां, हें सारें त्या यादींत आहे.

पुढें अग्रवादी व पश्चिमवादी यांची ओळख. अग्रवादी तो वादी, पश्चिमवादी तो प्रतिवादी. दोघांकडून आधीं जामीन घेतलेले असतात: बोलावतांच हजर होण्याबद्दल हाजीर जामीन आणि निवाड्याप्रमाणें वागण्याबद्दल वर्तणूक जामीन. मग दोघांच्या तकरिरी. हा भाग वाचनाच्या दृष्टीनें सर्वांत रसाळ. तकरीर म्हणजे आजचें कैफियतीचें टांचण नव्हे. मूळ पुरुषापासून आरंभ होतो, कोणत्या दुष्काळांत कोण परागंदा झाला, कोणी कोणाला दत्तक घेतलें, धाकट्यानें थोरल्याच्या गैरहजेरींत शिक्का कसा बळकाविला, कोणाच्या आजीनें लेंकरूं पदराखालीं घेऊन माहेरची वाट कशी धरिली, असें पिढ्यापिढ्यांचें सांगणें मराठीच्या उत्तम बोलींत उतरलेलें असतें. नंतर पुरसीस, म्हणजे सभेनें केलेले प्रश्न व त्यांचीं उत्तरें. उलटतपासणी ही इंग्रजांबरोबर आली असें मानणाऱ्यांनीं या पुरसिशी वाचाव्या. मग गोताच्या साक्षी, देवळांत शपथ घालून घेतलेल्या, मग कागदपत्रांची पाहणी, शेवटीं निवाडा. हरणारा येजितखत लिहून देतो कीं आपण खोटे झालों, पुढें या गोष्टीस उभे राहणार नाहीं. जिंकणारास जयपत्र मिळतें. सरकारांत एकाची हरकी जमा होते, दुसऱ्याची गुन्हेगारी. दोन्ही पक्षांस खर्च आहेच.

साक्षीपुराव्यानें ठरत नसेल तर दिव्य. तापलेल्या तेलातुपांतून धातूचा रवा हातानें काढावयाचा, हात पिशवींत घालून पिशवीस शिक्का करावयाचा, आणि नेमल्या दिवशीं सर्वांसमक्ष तो उघडून पाहावयाचा. कायद्याचे विद्यार्थी येथें हंसतात. हंसण्यापूर्वीं त्यांनीं इतकें पाहावें कीं दिव्य हा पहिला उपाय नव्हता, शेवटचा होता. आणि कागद व साक्षी दोन्ही थकल्यावर कांहींतरी निकाल लावणें सभेस भागच होतें. हाताला फोड आला कीं नाहीं हें कोणी ठरविलें आणि पिशवी मधल्या काळांत कोणाच्या ताब्यांत होती, हे प्रश्न मात्र वकिलानें अवश्य विचारावे.

कोणत्या गोष्टींसाठीं माणसें इतकें करीत? जमिनीच्या उत्पन्नासाठीं तर खरेंच. पण कित्येक निवाडे मानपानाचे आहेत. होळीची पोळी आधीं कोणाची, पोळ्याचे बैल पुढें कोणाचे, विडा व टिळा प्रथम कोणास, कागदावर नांगर वर कोणाचा व खालीं कोणाचा. आजच्या वाचकास हें क्षुल्लक वाटेल. परंतु थोरल्या शाखेचा मान ज्याचा, वडीलपणाचे हक्क त्याचे. म्हणून पोळीचा तंटा हा वस्तुतः वारसाच्या क्रमाचा तंटा असतो. ज्या वकिलानें भाऊबंदकीचे दावे चालविले आहेत त्याला हें सांगावें लागत नाहीं. इतिहासाच्या पदवीधरांस सांगावें लागतें, हा आमचा अनुभव आहे.

तथापि वकिलाचें वाचन एका बाजूनें धोक्याचेंहि असतें. त्याच्या डोळ्यांस आजच्या न्यायालयाची सवय झालेली असते, आणि गोतसभा म्हणजे जुनें न्यायालय, निवाडपत्र म्हणजे हुकूमनामा, असें समीकरण तो नकळत मांडतो. तें बरोबर नाहीं. गोतसभेचें बळ पक्षकारांच्या कबुलायतींत होतें. म्हणून राजीनामे व जामीन यांवर एवढा भर. एकदां निकाल लागलेला वाद पुन्हां चालवितां येत नाहीं हें तत्त्व येजितखतांत दिसतें खरें, पण तोच तंटा पुढल्या पिढींत, पुढल्या अमलांत पुन्हां उभा राहिलेलाहि दिसतो. मुलुखावर अंमल बदलला कीं हरलेला पक्ष नव्या अंमलदाराकडे धांव घेई. अशा ठिकाणीं कायद्याचा मुद्दा शोधण्याआधीं त्या वर्षीं तो परगणा कोणाच्या ताब्यांत होता हें पाहिलें पाहिजे. एल्फिन्स्टन यांनीं १८१९ त पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखावर जो अहवाल लिहिला त्यांत पंचायतीच्या न्यायाचें वर्णन आहे. तिच्या दिरंगाईचे व वशिल्याचे दोष त्यांनीं लपविले नाहींत आणि तरीहि ती मोडूं नये असा कल ठेविला. न्यायाधीश होऊं इच्छिणाऱ्यानें तो भाग वाचावा. त्याच्या जोडीस आर्थर स्टील यांचें दख्खनच्या जातींच्या रूढींवरील १८२७ चें पुस्तक घ्यावें, आणि त्याहून जुन्या दृष्टीसाठीं अठराव्या शतकाच्या आरंभींचें रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र. वतनदाराकडे राज्यकर्ता कोणत्या संशयानें पाहत होता तें त्यांत स्पष्ट आहे.

पुराव्याच्या चिकित्सेची संवय लागावी म्हणून आम्ही दोन प्रकरणें विशेषेंकरून सुचवितों.

पहिलें ‘ध’चा ‘मा’. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत वध झाला. रघुनाथरावानें धरण्याची आज्ञा लिहून दिली होती आणि आनंदीबाईनें एक अक्षर पालटून ती मारण्याची केली, ही कथा महाराष्ट्रांत पोराटोरांच्या तोंडीं आहे. ग्रँट डफ यांनीं १८२६ च्या आपल्या इतिहासांत ती दिली आहे, रामशास्त्र्यांनीं केलेल्या चौकशीच्या संबंधानें. आतां वकिलाच्या नजरेनें पाहा. घटना १७७३ ची, ग्रंथ अर्धशतकानंतरचा. ज्या कागदावर सारी भिस्त तो कागद आज आपल्यापुढें नाहीं. आहे ती त्याविषयींची हकीकत. हकीकत सांगणारा स्वतः पाहणारा नव्हे. शिवाय फेरफार मोडी अक्षरांत झाला असें म्हणावयाचें, तर त्या काळच्या वळणाचा मोडी ‘ध’ व मोडी ‘मा’ शेजारीं लिहून, एकाचा दुसरा किती खाडाखोडीनें होतो हें पाहिलें पाहिजे. कथा खोटी आहे असा आमचा सिद्धान्त नाहीं. ती न्यायालयांत कोणत्या पायरीवर अडेल, हें विद्यार्थ्यानें स्वतः लिहून काढावें, एवढेंच म्हणणें आहे. रामशास्त्र्यांच्या निःस्पृहतेविषयींच्या आख्यायिकांनाहि हीच कसोटी लावावी. त्यामुळें त्यांचा थोरपणा कमी होण्याचें कारण नाहीं.

दुसरें प्रकरण शिवजन्मतिथीचें, आणि याचा निकाल अधिक समाधानकारक आहे. बखरींच्या आधारें शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, वैशाखांतील तिथि रूढ होती. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली व त्यांनीं ती १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तांत प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असें आहे; इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. टिळक हे १८७९ सालचे कायद्याचे पदवीधर, आणि पुण्यास कांहीं वर्षें कायद्याचा वर्गहि चालवीत; शकावली हातीं येतांच त्यांनीं तिच्या नोंदी तिथिवारांच्या गणितानें तपासल्या, ही गोष्ट त्या शिक्षणाशीं जुळणारी आहे. पुढें परमानंदाचें शिवभारत १९२७ त छापून निघालें, त्यांत तीच तिथि. जोधपूरकडे मिळालेल्या कुंडलीचाहि मेळ तिच्याशींच. येथें विद्यार्थ्यानें पाहावयाचें तें असें: बखरी संख्येनें अधिक असून हरल्या, कारण त्या उत्तरकालीन असून एकमेकींवर विसंबणाऱ्या, आणि नवे साक्षीदार थोडे असून जिंकले, कारण ते परस्परांस अनोळखी व एक एका देशींचा. साक्षी मोजूं नयेत, तोलाव्या, हें वर्गांत शिकविलें जातें. त्याचा एवढा चांगला दाखला मराठींत दुसरा नसेल.

असें वाचन फुरसतीचें असूनहि त्यांतून किती मोठें काम उभें राहिलें, हें कांहीं नांवें घेतलीं तरी पटेल. विश्वनाथ नारायण मंडलीक मुंबईस सरकारी वकील होते. त्यांनीं १८८० सालीं व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृति इंग्रजींत आणली, आणि त्यांच्या पोथ्यांचा संग्रह पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत आला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ त उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले व १८९३ त वारले. मराठी बखरींतून सामाजिक माहिती वेंचून काढणारा त्यांचा निबंध न्यायमूर्ति रानड्यांच्या १९०० सालच्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथास जोडलेला आहे. रानडे तेलंगांच्याच जागीं उच्च न्यायालयांत गेले होते. पेशव्यांच्या रोजनिशींना रानड्यांनीं लिहिलेली प्रस्तावना आणि तेलंगांचा हा निबंध, दोन्ही एका बैठकींत वाचून होतात. आमच्या यादींत आरंभास हींच घालावीं. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे तर आयुष्यभर वकील. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड त्यांनीं १९३० त व शेवटचा १९६२ त काढला, आणि पुढल्याच वर्षीं त्यांस भारतरत्न मिळालें. सर्व खंड वाचा असें आम्ही कोणास सांगत नाहीं. १९४६ चा तिसरा खंड घ्यावा व त्यांतील व्यवहाराचा भाग वाचावा.

याशिवाय खुद्द निवाडे कोठें पाहावे? गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशवे दप्तरांतून वेंचलेल्या निवाडपत्रांपासून प्रारंभ करावा, कारण निवड एका जाणत्या माणसाची आहे. मग शिवचरित्रसाहित्याचे खंड व राजवाड्यांच्या साधनांतील शिवकालीन घराण्यांचे कागद. सबंध पद्धतीचें शास्त्रीय विवेचन हवें असल्यास वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी प्रबंध, डेक्कन कॉलेज, १९५३. तो आधीं वाचूं नये, मागून वाचावा. आधीं वाचला तर कागदांत दिसणारें सर्व कांहीं त्यांतल्या प्रकरणांत जाऊन बसतें आणि स्वतःची शंका म्हणून उरत नाहीं.

वकिलाच्या वाचनाचा आम्हां संग्राहकांस होणारा उपयोग दुहेरी आहे. एक तर बनावट कागद ओळखण्याचा. वतनाइतकी बनावटीस मोह घालणारी वस्तु दुसरी नव्हती. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, घरोघरचीं सनदापत्रें बाहेर आलीं व पुण्याच्या दप्तराशीं ताडून पाहिलीं गेलीं. अशा चौकशीच्या वेळीं नवे ‘जुने’ कागद तयार होणें स्वाभाविक होतें. शुहूर सन मृगाच्या सुमारास पालटतो, चैत्रांत नव्हे. राज्याभिषेक शक १६७४ च्या ज्येष्ठापूर्वीं असूंच शकत नाहीं. बनावट करणारा बहुधा अशाच ठिकाणीं सांपडतो. दुसरें, ताब्याचा प्रश्न. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ९० व्या कलमान्वयें तीस वर्षांचा कागद योग्य ताब्यांतून आला असेल तर त्यावरील सही-अक्षर ज्याचें दिसतें त्याचेंच आहे असें न्यायालयास मानतां येत असे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि हा नियम कायम आहे. यांतील ‘योग्य ताबा’ हे दोन शब्द संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावे. जुना बाजार फिरून आणलेला कागद कितीहि सुंदर असला तरी तो कोणाच्या घरचा हें कळत नसेल तर त्याची अर्धी साक्ष गेली. आणि वकिलाची आणखी एक जाण आम्हांस फार उपयोगी: अक्षर खरें ठरलें म्हणजे मजकूर खरा ठरला असें नव्हे. आपल्या कित्येक लेखांत या दोन गोष्टींची गल्लत झालेली असते.

आतां अडचण. हे सर्व कागद मोडींत, आणि मोडी शाळांतून जाऊन कित्येक दशकें लोटलीं. जुने वकील धंद्यापुरती तरी मोडी वाचीत; आज वकिलाच्या कचेरींत मोडी कागद आला तर तो तसाच गुंडाळून ठेवितात. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. गरज पडल्यावर वाचक शोधण्यापेक्षां विद्यार्थिदशेंतच लिपी शिकलेली बरी. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग आहेत. रोज तासभर दिला तर सोपें अक्षर कांहीं आठवड्यांत लागूं लागतें, घसटें अक्षर मात्र वर्षदोन वर्षें छळतें.

दुसरी अडचण अधिक वाईट. दाव्यांत हजर केलेले मूळ कागद पुष्कळदां परत नेले जात नाहींत. ते मिसलींत राहतात, आणि मिसली कायम ठेवण्याच्या नसतात. १९१७ च्या दप्तरनाशाच्या कायद्यानें न्यायालयांस मुदतीबाहेरचीं कामें नष्ट करण्याचे नियम करण्याचा अधिकार दिला. त्यांत वावगें कांहीं नाहीं, सर्व रद्दी सांभाळणें कोणासहि शक्य नाहीं. परंतु १९३० सालच्या दाव्याच्या मिसलींत १६९० सालचा महजर बसलेला असेल तर तोहि त्या दाव्याबरोबर जातो. इंग्लंडांत मेटलंड यांनीं १८८७ सालीं सेल्डन सोसायटी काढली व वकील-न्यायाधीशांच्या वर्गणीवर जुने न्यायालयीन कागद छापण्याचा क्रम चालू केला. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याच्या वकिलमंडळांत अशीं दोन माणसें निघालीं तरी पुष्कळ होईल.

ज्या वकिलांच्या घरीं वडिलांच्या वेळचे बस्ते असतील त्यांनीं ते एका सुटींत उघडावे. रुमाल सोडतांना गांठीचा क्रम मोडूं नये. एका दाव्याचे कागद एकत्र असतात व तो क्रम हीहि एक साक्ष आहे. वाळवीनें चिकटलेले बंद ओढून सोडवूं नयेत. आमच्याकडे नक्कल पाठवावयाची असेल तर कागदाची लांबीरुंदी, दोन बंदांमधील जोडावरचे शिक्के, पाठीवरचा शेरा, निशाण्या कोणत्या व कोणाच्या पुढें, आणि कागद कोणत्या घरून कोणत्या दाव्यासाठीं आला, इतकें सोबत लिहावें. मजकूर न लागला तरी हरकत नाहीं. छायाचित्र दोन्ही बाजूंचें पाठवावें.